आधी डोळा, मग भांडं

ओस्ताप दुचाकने गोठलेली वारेनिकी, म्हणजे बटाटा भरलेली करंजी, रिंकवरच्या खाण्याच्या काउंटरवर आपटली. वारेनिकीला काही झालं नाही. काउंटरच्या फळीला मात्र चरा पडला.

"हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा सकाळपासून पिऊन बसलाय," तो म्हणाला. "तुम्हीही विश्वास ठेवू नका. ठेवलात तर मलाच माझी शंका येईल."

समोरच्या बाकावर हरासिम बंधू बसले होते. थोरला झेनोन, धाकटा रोमको. कालिनोव्काच्या आइस हॉकी संघाचे दोन बचावपटू, आणि अंगाने दोघंही धान्याच्या कोठारासारखे. चाल करून आलेल्या माणसाला ते असा आडवा करत, की उठल्यावर त्याला आपल्या आईचं नाव आठवायला वेळ लागे. तिथवर सगळं छान होतं. पण चकती काठीला लागली की दोघांच्या अंगात भूत शिरे. फावड्याने उकिरड्यावर शेण फेकावं तशी ते ती फेकून देत. न बघता, कुठेही, आणि दहातल्या आठ वेळा थेट समोरच्या संघाच्या पायाशी. रॉसडेलच्या संघाने तर नाताळात दोघांना कार्ड पाठवलं होतं, 'इतक्या सुंदर पासांबद्दल आभारी आहोत' म्हणून. सगळ्यांच्या सह्यांनिशी.

"अठ्ठेचाळीस सालची गोष्ट," ओस्ताप सांगू लागला. "थंडी अशी, की सकाळी रिंकवर उतरलं की माणसाची सावली बर्फाला चिकटायची. दुपारी जेवायला घरी जायचं तर कुऱ्हाडीने सोडवून घ्यावी लागे."

"मग सावलीला लागत नसे, काका?" रोमकोने विचारलं. तो विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होता.

"लागायचं तर! माझी अजून लंगडते. बरं, तर आपल्या संघात तेव्हा दोन बचावपटू होते. नावं सांगत नाही. एक बिचारा वर गेला, आणि दुसऱ्याला अब्रू आहे. पास द्यायच्या बाबतीत तुम्ही त्यांच्यापुढे देवमाणसं. मी काय केलं? चकती काढून घेतली आणि ही दिली." त्याने काउंटरवरची वारेनिकी उचलून उजेडात धरली. बटाट्याचं सारण, अर्धचंद्राचा आकार, कडेला करंजीसारखी मुरड. "ताकद लावून मारलीत की मुरड फुटते, बटाटा बाहेर. जी शाबूत पोचेल ती रात्री तव्यावर. बाकी उपास. पहिल्या आठवड्यात दोघं असे वाळले, की वारा सुटला की एकमेकांना दोरीने बांधून ठेवावं लागे. आणि दुसऱ्या आठवड्यात, पोरांनो! या टोकापासून त्या टोकापर्यंत, फळीवर आपटून, जाळ्यामागून वळून, गोलरक्षकाच्या दोन पायांमधून वारेनिकी गेली, आणि मुरडीची एक चुणी उलगडली नाही!"

काउंटरमागे स्तेफा कांदे चिरत होती. तिची सुरी एका कांद्याच्या मध्यावर थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली.

एकतीस वर्षं ती ही गोष्ट ऐकत होती. सुरुवातीला तिच्यात सावली नव्हती आणि गोलरक्षकाचे पायही नव्हते. ते मागाहून वाढत गेले. तिचा नवरा वासिल असेपर्यंत तो ही गोष्ट ऐकताना कॉफीच्या कपात तोंड घालून हसायचा, आणि मग टेबलाखालून तिच्या पायाला हळूच पाय लावायचा. वासिल जाऊन सहा वर्षं झाली. आता गोष्ट तेवढी उरली होती.

पण त्या गुरुवारी ओस्ताप करमणुकीसाठी बोलत नव्हता, हे स्तेफाला कळत होतं. तो संघाचा प्रशिक्षक होता, आणि घाबरलेला होता. जिल्ह्याने यंदा ठरवलं होतं की तळाला राहील तो संघ बंद. रविवारी रॉसडेलशी शेवटचा सामना. तो जिंकला तर कालिनोव्का वर सरकणार. नाही तर पोरं पुढच्या हिवाळ्यात रॉसडेलचा निळा सदरा घालून रॉसडेलच्या रिंकवर खेळणार. संघ गेला की गावसभा रिंकची वीज तोडणार, तेही ठरलेलं. या छपराखालची निम्मी फळी वासिलने ठोकली होती. बाकीची निम्मी ठोकताना स्तेफाने खिळे धरले होते. चोवीस वर्षं ती या काउंटरमागे उभी होती, आणि सोमवारपासून उभं कुठे राहायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"फ्रीझरमधून पाच डझन काढू का गं?" ओस्तापने विचारलं.

"काढ," ती म्हणाली. "बटाट्याच्याच घे. कोबीच्या शुक्रवारच्या आहेत."

चार वाजेपर्यंत रिंकवर कालवलेल्या बटाट्याचं ताट सांडल्यासारखं झालं. "मनगट! मनगट!" ओस्ताप ओरडत होता, आणि प्रत्येक 'मनगट'ला एक वारेनिकी फुटत होती. गोलरक्षकाच्या मुखवट्याच्या जाळीत बटाटा बसला तेव्हा त्याने काठी टाकली आणि तो घरी निघून गेला. बर्फ राखणारा म्हातारा खराटा घेऊन आला आणि ओस्तापच्या तीन पिढ्यांचा उद्धार करत झाडू लागला. साठातली एकच वारेनिकी शाबूत राहिली, आणि तीही झेनोनने कुंपणावरून बाहेरच्या हिमात भिरकावली होती म्हणून.

दोघं भाऊ काउंटरपाशी येऊन बसले. झेनोनने हातमोजे काढून आपले पंजे उलटसुलट करून पाहिले.

"मावशी, देवाने आम्हाला हात दिलेच नाहीत. खोरी दिलीत. रविवारी आम्हाला बसवा म्हणावं काकाला."

"मी तर दुपारी जेवलोही नाही," रोमको म्हणाला. "काकाच्या गोष्टीत होतं म्हणून. उपयोग नाही झाला."

स्तेफाने त्याच्यापुढे सुपाचा वाडगा सरकवला. त्याने तो बघायच्या आधीच हात मारला, आणि अर्धं सूप काउंटरवर सांडलं. ती ते पुसत राहिली. पुसून झालं तरी फडकं फिरतच होतं.

"उद्या सकाळी आठ वाजता चर्चच्या स्वयंपाकघरात या," ती म्हणाली. "हात धुऊन."

"कशाला?"

"ताकद आहे ना? मग पातेली उचलायला."

दारात ओस्ताप उभा होता. त्याच्या कोटाच्या बाहीला बटाटा लागला होता.

"स्तेफा, सामना तीन दिवसांवर आलाय. या दोघांना बायकांच्या चुलीपाशी—"

"तू येऊ नकोस," ती म्हणाली. "तिथे काय असतं ते तुला माहीत आहे."

ओस्तापचे कान लाल झाले. त्याने टोपी खाली ओढून ते झाकले आणि काही न बोलता तो बाहेर पडला. ओस्ताप दुचाक काही न बोलता बाहेर पडला, यावरही कालिनोव्कात कुणाचा विश्वास बसला नसता.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे दिवस होते. त्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात गावजेवण असे. दीडशे डझन वारेनिक्या, बारा बायका, सहा चुली. एक कणीक लाटणार, एक वाटीने गोल पाडणार, चौघी सारण भरून मुरड घालणार. मग उकळतं पाणी, मग चाळण, मग तेल-कांद्याची परात. जमीन वाफेने आणि पिठाने निसरडी. दोन माणसं आडवी जातील एवढीच वाट. तिथे बडबड असे ती कुणाच्या सुनेची. कामाचा मात्र एक शब्द लागत नसे. पातेली या हातातून त्या हातात अशी जात, जणू एकाच बाईला चोवीस हात आहेत.

भावांना ॲप्रन बांधले तेव्हा बायका एवढ्या हसल्या की एक घाणा जास्त शिजला. झेनोनला चुलीपाशी उभं केलं, रोमकोला चाळणीपाशी. मध्ये तीन पावलं.

झेनोनने पहिलं पातेलं उचललं आणि मान वळवायच्या आत पुढे ढकललं. रोमको तेव्हा कांद्याकडे बघत होता. उकळतं पाणी दोघांच्या बुटांवर पडलं. रोमको किंचाळला, आणि चुलीची मालकीण पराश्काआजी, जिला झेनोनच्या कोपराशी बोलायचं तरी स्टुलावर चढावं लागे, तिने स्टुलावर चढून त्याच्या डोक्यात डाव हाणला.

"घोड्या! कुणाला देतोयस?"

"रोमकोला, आजी."

"रोमकोला ठाऊक होतं?"

झेनोनने रोमकोच्या ओल्या बुटांकडे पाहिलं. स्तेफा हात पुसत पुढे आली.

"हे बघ," ती म्हणाली. "आधी डोळा, मग भांडं. इथला एवढाच नियम. त्याने तुझ्याकडे बघितल्याशिवाय तुझ्या हातातलं सुटत नाही. मग ते कितीही तापलेलं असो, मागे कितीही जणी ओरडोत. भाजलं तर भाजू दे. न बघता दिलंस तर दोघांना भाजेल."

"आणि तू," ती रोमकोकडे वळली. "घेताना खांबासारखा उभा राहू नकोस. तान्हं मूल कुणी हातात देतं तेव्हा कसा घेतोस? हात त्याच्याबरोबर थोडे मागे येतात की नाही? तसं."

"मी तान्हं मूल कधी घेतलंच नाही, मावशी."

"तेही बरंच झालं," पराश्काआजी म्हणाली.

दहा वाजेपर्यंत त्यांच्या हातून चार पातेली सांडली. अकरापर्यंत एक. बाराच्या सुमारास स्तेफाने भरल्या परातीमागून पाहिलं. झेनोनच्या हातात पातेलं होतं, आणि त्याच वेळी दोन बायका डावीउजवीकडून त्याच्या वाटेत शिरल्या. गुरुवारचा झेनोन असता तर त्याने डोळे मिटून ते पुढे लोटलं असतं. पण तो थांबला. पातेलं पोटाशी धरून त्याने मान वर केली, बायकांच्या डोक्यांवरून रोमकोला शोधलं, रोमकोने पाहिलं, आणि दोन कमरांच्या मधल्या फटीतून ते पातेलं असं गेलं, की बायकांना कळलंही नाही.

स्तेफा मिठाच्या डब्याकडे वळली. मीठ घातलेलं होतं. तिने पुन्हा घातलं.

शनिवारी ते दोघं बर्फावर उतरले तेव्हा ओस्ताप लांब कोपऱ्यात उभा राहिला. चकती झेनोनकडून रोमकोकडे आणि रोमकोकडून झेनोनकडे तासभर फिरत राहिली. काठीला लागताना तिचा आवाज होत नव्हता. ओस्तापने फक्त एकदा खाकरून घेतलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "माझ्या गोष्टीतलं काहीतरी डोक्यात शिरलेलं दिसतंय."

स्तेफाने काउंटरवरच्या खिडकीची काच जरा जोरातच लावली.

रविवारी फादरनी प्रवचन अकरा मिनिटांत उरकलं आणि सगळ्यांच्या आधी रिंकवर येऊन जागा धरली. दुपारी दोनला रॉसडेलच्या निळ्या सदऱ्यांची बस आली. गाव तर सगळं लोटलंच होतं.

सामन्याचे पहिले दोन भाग कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. गर्दी पाहिली, आरडाओरडा ऐकला, आणि हरासिम बंधूंच्या अंगात जुनं भूत परतलं. झेनोनने पहिला पास रॉसडेलच्या कप्तानाला दिला. दुसराही त्यालाच. "धन्यवाद!" कप्तान जाता जाता म्हणाला. तीन विरुद्ध एक. पाहुण्यांच्या बाजूला कुणीतरी निळा सदरा काठीला लावून झेनोनपुढे नाचवला. माप बघून घे, म्हणाला.

विश्रांतीत स्तेफाच्या काउंटरवर रांग लागली, पण कुणी नीट बोलत नव्हतं. लोक कॉफी घेत आणि छपराकडे बघत. शेवटचं बघून घ्यावं तसं. तिसरा भाग सुरू व्हायची शिट्टी झाली तेव्हा समोर अजून सहा माणसं उभी होती. स्तेफाने किटली खाली ठेवली.

"ज्याचं त्याने ओतून घ्या," ती म्हणाली, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा सामना चालू असताना ती काउंटरबाहेर आली. खेळाडूंच्या बाकामागे जाऊन उभी राहिली.

ओस्तापने वळून पाहिलं. तिने पिठाळ बोट उचलून फक्त आपल्या डोळ्याखाली टेकवलं.

त्याने मान फिरवली. कुंपणापलीकडे त्याचे एकतीस वर्षांचे सोबती बसले होते. त्याच्या तोंडून सावलीची गोष्ट ऐकत म्हातारे झालेले. त्याने टोपी काढली. पुन्हा घातली. पुन्हा काढली, आणि मग खाली टाकून दोन्ही हातांचा कर्णा केला.

"झेनोन! रोमको!" त्याचा आवाज छपराला लागला. "आधी डोळा, मग भांडं!"

रॉसडेलचा प्रशिक्षक आपल्या माणसांना विचारत होता, ही कुठली नवी चाल? आणि मग वरच्या ओळीतून पराश्काआजीचा चिरका आवाज आला, "आधी डोळा!" तिच्या शेजारच्या दहाजणींनी पाय आपटले: "मग भांडं!" शुक्रवारी तळघरात जेवणारं आख्खं गाव त्यात मिसळलं. फादरनाही राहवलं नाही.

झेनोनकडे चकती आली. दोन निळे सदरे डावीउजवीकडून धावले. तो थांबला. मान वर झाली. रोमकोने पाहिलं. दोघांच्या मधून चकती अशी गेली, की ते एकमेकांवर आदळले. रोमकोची काठी तिच्याबरोबर जराशी मागे आली, आणि तिथून चकती कडेने पळणाऱ्याच्या काठीवर अलगद जाऊन बसली. गोल.

पाच मिनिटांनी दुसरा, अगदी तसाच. तीन-तीन.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा झेनोन स्वतःच्या जाळ्यामागे चकती घेऊन उभा होता. तिघं त्याच्यावर चालून आले. "फेक! फेक!" बाकावरचे ओरडू लागले. ओस्ताप ओरडला नाही. तो मुठी आवळून उभा होता. झेनोनने चकती धरून ठेवली. पहिला निळा त्याच्या खांद्यावर येऊन आदळला. त्याने ती धरून ठेवली. दुसऱ्याने त्याला फळीवर दाबलं. त्या दोघांच्या काखांमधून झेनोनची मान बाहेर आली. तापलेलं पातेलं पोटाशी धरून माणूस शोधावा तशी ती फिरली, आणि थांबली.

रोमको त्याच्याकडेच बघत होता.

पास फार जोराचा नव्हता. तिसऱ्या निळ्याच्या काठीपासून चार बोटांवरून गेला. रोमकोने तो घेतला, मान वर केली, आणि आख्ख्या रिंकची लांबी ओलांडून मधल्या खेळाडूच्या धावत्या काठीवर नेऊन ठेवला. त्याला वेगही बदलावा लागला नाही. पुढचं स्तेफाला दिसलं नाही, कारण समोरचे सगळे उभे राहिले होते. ऐकू मात्र आलं. ते तीन गावं पलीकडेही ऐकू गेलं असेल.

चार-तीन.

अर्ध्या तासाने काउंटरपाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. रोमको लोकांच्या खांद्यांवरून उतरायला तयार नव्हता; पराश्काआजी स्टुलावर उभी राहून झेनोनचं तोंड ॲप्रनने पुसत होती, आणि तो पुसू देत होता. रॉसडेलचा प्रशिक्षक हात मिळवायला आला. भला माणूस होता.

"एक सांगा दुचाक," तो म्हणाला. "त्या दोन रेड्यांना हे शिकवलं कुणी?"

सगळे ओस्तापकडे वळले. खुर्ची कुणीतरी आधीच पुढे केली होती. तो तिच्यावर चढला, आणि त्याने काउंटरमागे पाहिलं. स्तेफा कांदा चिरत होती.

"अठ्ठेचाळीस साली इथे दोन बचावपटू होते," ओस्तापने सुरुवात केली. "एक या बाईचा वासिल. दुसरा मी."

बाकावरच्या म्हाताऱ्यांमधल्या एकाचा कप तोंडापाशीच राहिला. स्तेफाची सुरी थांबली.

"पास असे द्यायचो, की समोरचा संघ आमच्यासाठी देवाकडे दीर्घायुष्य मागायचा. ही तेव्हा वीस वर्षांची होती. एका शुक्रवारी हिने आम्हा दोघांना कानाला धरून त्या तळघरात नेलं आणि ॲप्रन बांधले. गोठलेल्या वारेनिक्या वगैरे काही नाही. ॲप्रन! वासिलचा निळा. माझ्यावर गुलाब होते." कुणीतरी हसलं, त्याने हात वर केला. "हिवाळाभर हिने आम्हाला पातेली द्यायला आणि घ्यायला शिकवलं. त्या वर्षी आपण जिंकलो ते तिच्यामुळे, आणि आजही."

स्तेफाने सुरी खाली ठेवली होती आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले होते. तिचे डोळे ओले होते, कांद्याने असतील. ओस्तापने घसा साफ केला. एवढी शांतता त्याला सोसणारी नव्हती.

"पातेली म्हणजे कसली!" त्याचा आवाज चढला. "एकेकात वासरू मावेल! वाफ अशी की फादरची दाढी कुरळी झाली ती आजतागायत सरळ झाली नाही. रांगेत बारा बायका, वासिल आणि मी. आणि त्या सगळ्यांत पटाईत कोण? मी! डोळे मिटून सांगतो, आख्ख्या हिवाळ्यात माझ्या हातून पाण्याचा एक थेंब—"

"खोटं!" स्तेफा काउंटरमागून ओरडली. "पहिल्याच दिवशी आख्खं पातेलं फादरच्या पायावर ओतलंस!"